जीआरईचा गुणांक कमी आला : दुसऱ्या प्रयत्नाची तयारी



आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुला-मुलींपैकी काहीजण पदवीनंतर परदेशी विद्यापीठात एम.एस. किंवा पीएच.डी. करण्याची उमेद बाळगतात. त्यासाठी त्यांच्यापैकी अनेकांना जीआरई ही परीक्षा द्यावी लागते. पहिल्या प्रयत्नात मनाजोगते गुण मिळाले नाहीत म्हणजे काय होते, हे मी अभ्यासिकेचे काम पाहताना अनेकदा जवळून पाहिले आहे. एक प्रसंग सांगतो.

एका संध्याकाळी अभियांत्रिकीची पदवी घेतलेली आपली एक विद्यार्थिनी गुणपत्रिकेचा कागद घेऊन आली. भाषेच्या विभागात १४४, गणितात १५४, एकूण २९८. कागद टेबलावर ठेवून ती म्हणाली, "सर, माझं सातवीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीच कच्चं आहे. हे आपल्यासाठी नाहीच." परीक्षेचे शुल्क वीस हजार रुपयांच्या वर. ते तिच्या आईने बचत गटातून कर्जाऊ काढले होते व त्याचे हप्ते अजून चालू होते. त्यामुळे पोरीला गुणांपेक्षा त्या पैशांचे ओझे जास्त वाटत होते.

मी तिला तीन साधे प्रश्न विचारले. गणिताचे किती प्रश्न वेळेअभावी राहिले? चुकलेल्यांपैकी किती येत असून चुकले? घड्याळ लावून तू आधी किती सराव परीक्षा दिल्यास? तिला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत. तिसऱ्याचे उत्तर होते, "एकच, आणि तीही मधे उठून."

म्हणजे तिला निकाल माहीत होता, निकालाचे कारण माहीत नव्हते. प्रस्तुत लेख त्या कारणाचा शोध कसा घ्यावा व दुसरा प्रयत्न कसा करावा, यासंबंधी आहे.

बाबासाहेबांचा परत आलेला प्रबंध

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परत आलेले काम पुन्हा करण्यात कमीपणा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून भारतात परतले. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, काही साहाय्य मिळवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध डी.एस्सी.साठी सादर केला. परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही. फेरलेखन करण्यास सांगितले. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून १९२३ च्या ऑगस्टमध्ये धाडला व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना पदवी मिळाली.

आपण बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी पाठ म्हणतो, पण या एका पदवीमागे एक नकार आहे हे विसरतो. नकार आला तेव्हा त्यांनी विषय सोडला नाही आणि तोच कागद जसाच्या तसा परतही पाठवला नाही. त्यांनी फेरलेखन केले. दुसऱ्या प्रयत्नाचा अर्थ हाच आहे. तीच तयारी करून पुन्हा परीक्षेला बसणे म्हणजे दुसरा प्रयत्न नव्हे, तो पहिल्याच प्रयत्नाचा पुनरुच्चार होय. आपल्या ओळखीच्या एका मुलाने तीन वेळा परीक्षा दिली. ३०३, ३०४ आणि ३०२ असे गुण पडले. तिन्ही वेळा त्याने तेच पुस्तक पहिल्या पानापासून वाचले होते.

परीक्षेचे आजचे स्वरूप

सप्टेंबर २०२३ पासून जीआरईचे स्वरूप आटोपशीर झाले आहे. जुनी पुस्तके हाती असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. परीक्षा १ तास ५८ मिनिटांची असून मधे सुटी नाही. आरंभी ३० मिनिटांचा एक निबंध. त्यानंतर भाषेचे दोन भाग : १२ प्रश्न १८ मिनिटांत व १५ प्रश्न २३ मिनिटांत. गणिताचे दोन भाग : १२ प्रश्न २१ मिनिटांत व १५ प्रश्न २६ मिनिटांत. भाषा व गणित यांना प्रत्येकी १३० ते १७० या पट्टीवर गुण मिळतात, निबंधाला ० ते ६.

हिशेब केला तर भाषेच्या एका प्रश्नाला सुमारे दीड मिनिट व गणिताच्या एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटे मिळतात. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

तीन नियमांचे महत्त्व फार आहे. पहिला, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातची संधी टाकणे होय. दुसरा, एका भागातील सर्व कच्च्या गुणांचे वजन सारखेच असते; अवघड प्रश्न सोडवला म्हणून त्या प्रश्नाला जास्त गुण नाहीत. तिसरा, दोन्ही विषयांत पहिला भाग कसा सुटला त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. पहिला भाग निष्काळजीपणे सोडवला तर दुसरा भाग सोपा येतो, पण वरचे गुण हाताबाहेर जातात. म्हणून पहिल्या भागात अचूकतेला जपावे.

गणिताचा अभ्यासक्रम अंकगणित, बीजगणित, भूमिती व माहितीचे विश्लेषण एवढाच आहे. त्रिकोणमिती नाही, कलनशास्त्र नाही. म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांत जे आहे तेच बहुतांशी तेथे आहे. फक्त ते वळवून विचारले जाते.

परीक्षा पुन्हा द्यावी का?

हा प्रश्न भावनेच्या भरात सोडवू नये. वीस हजारांचा खर्च पुन्हा करण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहाव्यात.

१) आपण जेथे अर्ज करणार त्या विभागांना जीआरई लागते काय? अलीकडे अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली आहे वा बंद केली आहे. एकाच विद्यापीठात एका विभागाला लागते, दुसऱ्याला लागत नाही. प्रत्येक विभागाचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये. आपल्याच एका विद्यार्थ्याने निवडलेल्या पाचपैकी चार विभागांना गुणांची गरजच नव्हती. त्याने शुल्काचे पैसे वाचवले, तो वेळ उद्देशपत्र व शिफारसपत्रांवर घालवला आणि त्याला प्रवेश मिळाला.

२) गुण किती वाढावयास हवेत? दोन-तीन गुणांचा फरक हा त्या त्या दिवसाचाही असू शकतो. त्यासाठी घरादाराला पुन्हा खर्चात टाकणे योग्य नाही. आठ-दहा गुण वाढण्यास जागा असेल तर मात्र प्रयत्न सार्थ आहे.

३) वेळ आहे काय? दोन परीक्षांमध्ये किमान २१ दिवसांचे अंतर लागते व कोणत्याही १२ महिन्यांत पाचपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही. पण २१ दिवस हा नियम आहे, तो तयारीचा काळ नव्हे. माझ्या मते नोकरी वा घरकाम सांभाळणाऱ्याला किमान आठ आठवडे हवेत. अनेक अर्जांची अंतिम तारीख डिसेंबर-जानेवारीत असते आणि अधिकृत गुण हाती येण्यास ८ ते १० दिवस लागतात. त्यावरून मागे मोजत यावे.

४) जुन्या गुणांची भीती आहे काय? ती बाळगू नये. कोणत्या परीक्षेचे गुण विद्यापीठाकडे पाठवावयाचे हे उमेदवार निवडू शकतो. दुसऱ्यांदा गुण उतरले तरी पहिले गुण पाच वर्षे वैध असतात.

येथे शिष्यवृत्तीचाही विचार करावा लागतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीला महत्त्व आहे. नियम दर वर्षीच्या जाहिरातीत वाचावेत. तात्पर्य असे की, आपल्या मुलांना नुसता प्रवेश मिळून भागत नाही. क्रमवारीत बसणाऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तरच शिष्यवृत्तीचे दार उघडते. म्हणून ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्यापेक्षा आपल्या विद्यार्थ्याला हे पाच-दहा गुण अधिक मोलाचे ठरतात.

दुःखाचे कारण शोधा : चुकांची वही

तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही. दुःखाला कारण आहे, कारण दूर करता येते व त्याचा मार्ग आहे, असे सांगितले. वैद्य जसा आधी निदान करतो तसेच हे आहे. कमी गुण हे दुःख. ते कशामुळे, हे पाहिल्याशिवाय मार्ग सापडत नाही.

खऱ्या परीक्षेतील प्रश्न उमेदवाराला परत मिळत नाहीत. म्हणून निदानासाठी सराव परीक्षा द्यावी. परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था 'पॉवरप्रेप' नावाच्या दोन पूर्ण सराव परीक्षा संगणकावर विनामूल्य देते. त्या जपून वापराव्यात. एक आता निदानासाठी, दुसरी खऱ्या परीक्षेच्या दहा दिवस आधी. एकदा सोडवलेली सराव परीक्षा पुन्हा दिली तर प्रश्न ओळखीचे असल्यामुळे गुण फुगतात व आपली फसगत होते.

सराव परीक्षेनंतर शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक चुकलेला प्रश्न पुढील चारपैकी एका खात्यात टाकावा :

(अ) माहीत नव्हते : संकल्पना वा शब्दच ठाऊक नव्हता.
(आ) वाचण्यात चुकले : येत होते, पण प्रश्न नीट वाचला नाही किंवा मनानेच काही गृहीत धरले.
(इ) वेळेने गेले : प्रश्नापर्यंत पोहोचलोच नाही किंवा घाईत उरकला.
(ई) अंदाजाने आले : उत्तर बरोबर, पण का ते सांगता येत नाही. हे खाते बहुतेकजण ठेवीतच नाहीत. उधारीवर आलेले हे गुण परीक्षेच्या दिवशी परत जातात.

आपल्या विद्यार्थिनीने उरलेली सराव परीक्षा अभ्यासिकेत बसून, मधे न उठता दिली. गणिताचे २७ पैकी ११ प्रश्न चुकले. त्यांत (अ) मध्ये फक्त २, (आ) मध्ये ५ आणि (इ) मध्ये ४. भाषेचे २७ पैकी १५ चुकले. त्यांत शब्द न आल्यामुळे ८, उतारा नीट न वाचल्यामुळे ४ आणि वेळेमुळे ३.

तिने वही पाहिली आणि बराच वेळ गप्प बसली. "इंग्रजी कच्चं" म्हणून जी मुलगी स्वतःला दोष देत होती, तिचे गणितातले ११ पैकी ९ गुण येत असून गेले होते. दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे, अशी गत झाली होती. मराठी माध्यमामुळे काही गेले हे खरे; पण सगळे त्यामुळे गेले हे खरे नव्हते. हा भेद केला की माणूस स्वतःला दोष देण्याचे थांबवून कामाला लागतो.

सम्यक व्यायामाची चार अंगे

अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम हे एक अंग आहे. व्यायाम म्हणजे येथे प्रयत्न. धम्मात त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : संवर, म्हणजे न उपजलेले अकुशल उपजू न देणे, पहान, म्हणजे उपजलेले अकुशल सोडणे, भावना, म्हणजे न उपजलेले कुशल उपजवणे, आणि अनुरक्खणा, म्हणजे उपजलेले कुशल राखणे. हा उपदेश चित्तशुद्धीसाठी आहे, परीक्षेसाठी नाही, याची मला जाणीव आहे. परंतु प्रयत्नाचे इतके नेमके वर्गीकरण अभ्यासालाही उपयोगी पडते.

१. संवर : नवी चूक होऊ न देणे

गणितात तुलनेचे प्रश्न असतात. दोन स्तंभांत दोन राशी दिलेल्या असतात व कोणती मोठी, की दोन्ही समान, की ठरवता येत नाही, हे सांगावयाचे असते. समजा, क्ष चा वर्ग ९ आहे असे दिले. पहिल्या स्तंभात क्ष आणि दुसऱ्यात ३. घाईत विद्यार्थी "समान" असे उत्तर देतो. पण क्ष हा उणे ३ सुद्धा असू शकतो. म्हणून उत्तर "ठरवता येत नाही" असे आहे.

दुसरे उदाहरण : क्ष ही धन संख्या आहे, क्ष चा वर्ग मोठा की क्ष? २ घेतले तर वर्ग मोठा, १ घेतला तर समान, अर्धा घेतला तर वर्ग पाव, म्हणजे लहान. येथेही उत्तर ठरवता येत नाही. तेव्हा अशा प्रश्नात पाच पाहुणे बोलवावेत : शून्य, एक, उणे एक, अर्धा आणि एक मोठी संख्या. अर्थात दिलेल्या अटीत जे बसतात तेवढेच. हा शिरस्ता पाळला की (आ) खाते झपाट्याने रिकामे होते.

शेकडेवारीचेही तसेच. १०० रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्के वाढवली व मग २० टक्के कमी केली, तर ती १०० वर येत नाही. १२० चे २० टक्के म्हणजे २४, उरले ९६. "कशाचे टक्के?" हा प्रश्न दर वेळी स्वतःला विचारावा.

२. पहान : जडलेली सवय सोडणे

पहिली सवय : एका प्रश्नाला चिकटून बसणे. शाळेत आपल्याला क्रमाने सोडवण्याची सवय लागते. येथे एका भागाच्या आत पुढे-मागे जाता येते व प्रश्नावर खूण करून ठेवता येते. दीड मिनिटात वाट दिसली नाही तर अंदाजाने एक पर्याय निवडावा, खूण करावी, पुढे जावे. एका अवघड प्रश्नावर पाच मिनिटे घालवणारा विद्यार्थी शेवटचे दोन सोपे प्रश्न दान करून टाकतो.

दुसरी सवय : पडद्यावरील गणकयंत्राचा नको तितका वापर. १८ गुणिले ५ साठी गणकयंत्र उघडणे हा वेळेचा नाश आहे. वर्ग २० पर्यंत व साध्या अपूर्णांकांची शेकडेवारी तोंडपाठ असावी.

तिसरी सवय : हजारो शब्दांची यादी घोकणे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

३. भावना : नवे कौशल्य उपजवणे

भाषेच्या विभागात गाळलेले शब्द भरा, समान अर्थाची वाक्ये होतील असे दोन शब्द निवडा आणि उताऱ्यावरील प्रश्न असे तीन प्रकार आहेत. आपली मुले प्रथम पर्याय वाचतात व ओळखीचा शब्द उचलतात. असे करू नये. आधी वाक्य वाचून आपला शब्द मनात ठरवावा, मग पर्याय पाहावेत. हे तंत्र मराठीतूनच समजावून घेऊ :

"सभेतील इतर वक्त्यांनी लांबण लावली, ताई मात्र ______ बोलल्या."

येथे रिकामी जागा "मोजकेच" अशा अर्थाची आहे हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. "मात्र" हा शब्दच सांगतो की पुढे उलट काही येणार. इंग्रजीतही दो, यट, डिस्पाइट, हाउएव्हर हे शब्द अशी कलाटणी देतात. सिन्स, बिकॉज, देअरफोर हे कारण जोडतात. अर्धविराम वा विसर्गचिन्ह आले की बहुधा आधीच्या म्हणण्याचाच विस्तार असतो. ही सांध्याची जागा हेरली की निम्मे काम झाले. ज्याला मराठी वाक्य नीट उलगडता येते, त्याला हे शिकण्यास अडचण नाही.

शब्दसंग्रहासाठी रोज १५ शब्द पुरेत, पण कुटुंबाने घ्यावेत. कमी बोलणारा : लॅकॉनिक, टर्स, रेटिसंट. बडबड्या : गॅर्युलस, लोक्वेशस, व्होल्युबल. असे गट केले की एक शब्द दुसऱ्याला आठवून देतो. त्यासोबत ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ शिकावेत, कारण परीक्षक तेथेच पकडतात. सँक्शन म्हणजे मंजुरी तसेच निर्बंधही. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणे, तसेच आपल्या विधानाला मर्यादा घालणे. फ्लॅग म्हणजे झेंडा, तसेच थकून मंदावणे. अशा शब्दांसाठी वहीत वेगळे पान करावे.

उताऱ्यासाठी रोज वीस मिनिटे इंग्रजीतील एक गंभीर लेख वाचावा. विज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र, कोणताही चालेल. वाचून झाल्यावर लेखकाचे म्हणणे एका मराठी वाक्यात लिहावे. "लेखक काय म्हणतो" व "लेखक इतरांचे काय सांगतो" यांत गल्लत करू नये. उताऱ्याबाहेरचे आपले ज्ञान उत्तरात आणू नये. उत्तर खरे असले तरी उताऱ्यात आधार नसेल तर ते चूक होय.

निबंधाचे सर्व संभाव्य विषय ईटीएसने आपल्या संकेतस्थळावर आधीच प्रसिद्ध केले आहेत. आठवड्यातून एक विषय घेऊन ३० मिनिटांत संगणकावर टंकलिखित करावा. एक ठाम भूमिका, दोन ठोस उदाहरणे आणि विरुद्ध बाजूची प्रामाणिक दखल, एवढे पुरे. गणिताची उजळणी पुस्तिकाही त्याच संकेतस्थळावर विनामूल्य आहे. महागड्या शिकवणीवर्गाला जाण्याआधी हे साहित्य संपवावे.

४. अनुरक्खणा : आलेले राखणे

सुटलेली चूक परत येते. म्हणून चुकांच्या वहीतील प्रश्न दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी व एकविसाव्या दिवशी उत्तर न पाहता पुन्हा सोडवावा. तिन्ही वेळा बरोबर आला तरच त्यावर काट मारावी. भाषेच्या मागे लागून गणित गंजू देऊ नये. रोज किमान दहा प्रश्न सोडवावेत.

आठ आठवड्यांचे वेळापत्रक

रोज दोन तास, आठवड्यातून सहा दिवस धरले तर आठ आठवड्यांत ९६ तास होतात. पहिले दोन आठवडे निदान व (अ) खात्यातील संकल्पनांसाठी. घड्याळ न लावता. तिसरा ते पाचवा आठवडा प्रश्नप्रकारांचा सराव. एक तास भाषा, एक तास गणित. सहाव्या आठवड्यापासून घड्याळ लावून एकेक भाग : १८, २३, २१ आणि २६ मिनिटांचा. सातव्या आठवड्यात जपून ठेवलेली सराव परीक्षा खऱ्या परीक्षेच्याच वेळेला. ज्याने आधीच दोन्ही दिल्या असतील त्याने अधिकृत मार्गदर्शक पुस्तकातील परीक्षा वापरावी. आठव्या आठवड्यात नवे काही वाचू नये. फक्त चुकांची वही.

सातवा दिवस विश्रांतीचा ठेवावा. त्या दिवशी विहारात जावे, घरच्यांशी बोलावे. सोण थेरांची कथा आपणांस ठाऊक आहेच. अतिप्रयत्नाने पाय रक्तबंबाळ होऊनही त्यांना शांती लाभेना, तेव्हा भगवंतांनी त्यांना वीणेची आठवण दिली : तार फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा तार तोडून घेतो.

परीक्षा घरूनही देता येते; पण त्यासाठी बंद दाराची एकांत खोली, चांगला संगणक व न तुटणारे इंटरनेट लागते. एका खोलीत पाच माणसे राहत असतील तर केंद्रावर जाणेच शहाणपणाचे. नावनोंदणी ओळखपत्रावर आहे त्याच नावाने करावी. नाव-आडनावाच्या फरकामुळे ऐनवेळी अडचण येऊ शकते.

सभासदांना विनंती

आता वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. गुण कमी आलेल्या मुलाला जिन्यात गाठून "किती पडले?" असे विचारू नये. विचारायचेच असेल तर "अभ्यासाला जागा आहे का?" असे विचारावे. अभ्यासिकेतील एक संगणक रोज दोन तास सराव परीक्षेसाठी राखून ठेवावा व त्या वेळात तेथे शांतता पाळावी. ज्यांची मुले शिकून स्थिरावली आहेत त्यांनी दुसऱ्या प्रयत्नाच्या शुल्कासाठी एक छोटा परतफेडीचा निधी उभारावा. पहिल्या प्रयत्नाला सगळे टाळ्या वाजवतात. दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी मूल एकटे पडते. बाबासाहेबांना १९२० साली पुन्हा लंडनला जाताना कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे व एका स्नेह्याचे साहाय्य झाले होते, हे आपण विसरू नये.

त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तिने आठ नव्हे, दहा आठवडे घेतले. दुसऱ्या वेळचे शुल्क तिने शिकवण्या करून स्वतः भरले. परीक्षा संपताच पडद्यावर अनधिकृत गुण दिसतात. तिचे भाषेचे १४९ व गणिताचे १६२, एकूण ३११ झाले. भाषेत फार मोठी उडी नव्हती, पण जेथे जागा होती तेथे तिने ती भरून काढली. निकालानंतर ती अभ्यासिकेत आली तेव्हा पेढ्यांसोबत चुकांची वहीही घेऊन आली होती. वही आमच्या कपाटात ठेवून म्हणाली, "सर, पुढच्याला दाखवा. गुणपत्रिका नको, ही दाखवा."

ती वही आजही अभ्यासिकेत आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी अवश्य येऊन पाहावी.

जयभीम! नमो बुद्धाय!